उमेदवारी : पेढीवरून वर्गात आणि वर्गातून पुन्हा कचेरीत

इंटर्नशिप हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत उमेदवारी हा शब्द आहे. आता तो निवडणुकीच्या बातम्यांतच जास्त भेटतो. पण बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर कचेरीत राहून काम शिकणं हा त्याचा जुना अर्थ. पेढीवर लागलेला मुलगा आधी खरडा, म्हणजे कच्ची वही, लिहायचा, मग कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, आणि हात बसला की खातेवार नोंदींची खतावणी त्याच्याकडे यायची. एम.कॉम.च्या अभ्यासक्रमात आज जे ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या जागी राहून शिकणं, आलं आहे, त्याची मुळं इथवर मागे जातात.

हिशेबाचा विषय महाविद्यालयात रुजला तो मुंबईत. १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू झालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. त्याच वर्षी इंडियन कंपनीज ॲक्ट झाला आणि कंपनीचे हिशेब तपासणाऱ्याला सरकारी प्रमाणपत्र लागू लागलं. मग १९१८ मध्ये मुंबई सरकारने गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी, म्हणजे जीडीए, सुरू केला. परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे हाताखाली राहून केलेली उमेदवारी, हीही पुरी करायची, तेव्हाच विनाअट प्रमाणपत्र मिळायचं. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुस्तक आणि कचेरी यांतलं एकही सुटलं तर माणूस पात्र ठरत नसे.

पुढे १९३२ मध्ये इंडियन अकाउंटन्सी बोर्ड आलं, १९४३ मध्ये जीडीए बंद झाला आणि १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था, आयसीएआय, अस्तित्वात आली. मुंबईचे जी. पी. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष. व्यवसायाला स्वतःचं घर मिळालं, ते आवश्यकच होतं. पण आर्टिकलशिप सीएच्या वाटेला गेली आणि विद्यापीठाकडे व्याख्यानं, परीक्षा आणि फार तर एखादा प्रकल्प उरला. अनेकजण आर्टिकलशिप करता करता बाहेरून एम.कॉम. देत आले, त्यांचं फारसं अडलं नाही. ज्यांनी नुसतंच एम.कॉम. केलं, त्यांच्यापैकी कित्येकांनी व्हाउचरची, म्हणजे व्यवहारांच्या पुराव्यादाखल ठेवलेल्या कागदांची, फाइल पहिल्यांदा उघडली ती पहिल्या नोकरीत.

पुस्तकातल्या उदाहरणात समायोजनं, म्हणजे हिशेबात करायच्या दुरुस्त्या, खाली ओळीने लिहून दिलेली असतात. कचेरीत ती कुणी लिहून देत नाही. बिल सापडत नाही, बँकेच्या उताऱ्यातली रक्कम कुणाची ते कळत नाही, खरेदीची नोंद वहीत आहे पण पुरवठादाराने विवरणपत्रच भरलेलं नसतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून ही जुळवाजुळव महिन्यामहिन्याची झाली आहे.

नव्या शैक्षणिक धोरणासाठी महाराष्ट्र सरकारने २० एप्रिल आणि १६ मे २०२३ ला शासन निर्णय काढले. त्यानुसार पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या सत्रात, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्र प्रकल्पाला ४ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आहेत. क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास. त्याच २०२३ मध्ये सीएची आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. तिथे मात्र आर्टिकलशिपच्या आधी संगणक आणि कार्यालयीन वागणुकीचं मिळून सुमारे महिनाभराचं प्रशिक्षण ठरवून दिलेलं आहे. दोन वर्षांच्या शिक्षणाला एवढी तयारी लागत असेल, तर १२० तासांना ती अधिकच लागते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद कशी करतात हे कळण्यातच पहिला आठवडा गेला तर हाती फार काही राहत नाही.

म्हणून तयारी पहिल्या सत्रातच व्हायला हवी. नावं झाकलेला खरा बँक उतारा घेऊन ताळमेळ घालणं, जुनं खरेदी रजिस्टर जीएसटीच्या विवरणाशी ताडून पाहणं, एक्सेलवर हात बसवणं, अशिलाचे आकडे बाहेर बोलायचे नाहीत हे आधीच सांगणं. आणि मराठीत पेपर लिहून आलेल्या मुलामुलींकडून कचेरीतलं इंग्रजी पत्र चार-सहा वेळा तरी लिहून घ्यायला हवं. त्यांचा हिशेब पक्का असतो. पत्राशी मात्र ती अडतात.

प्रशिक्षणासाठी जागा मिळण्याचा प्रश्न तालुक्याच्या गावी जास्त बोचतो. तिथे सीएंची कार्यालयं मोजकी, पण पतसंस्था, साखर कारखाने, दूध संघ, नागरी सहकारी बँका आहेत. सहकार खात्याच्या जीडीसीए, म्हणजे सहकार आणि हिशेब यांच्या सरकारी पदविकेच्या, परीक्षेमुळे या संस्थांच्या ऑडिटची वाट वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना माहीतही असते. अडचण आहे ती वेळापत्रकाची. दुसरं सत्र बहुतेक ठिकाणी मार्चअखेरच्या धांदलीत सापडतं. तेव्हा काम भरपूर असतं, पण शिकवायला कुणालाच सवड नसते. ज्याला व्हाउचर तपासता येतं, त्याच्यापुढे लगेच गठ्ठा येतो. बाकीच्यांच्या वाट्याला झेरॉक्स काढणं येतं.