काहिलीचा घेर आणि उरलेली सुतळी

गुऱ्हाळावर गेलात आणि चुलवाणावरची, उसाचा रस आटवायची गोल काहील रिकामी सापडली, तर एक उद्योग करून बघा. काठाभोवती सुतळी गुंडाळा, टोकाला टोक मिळेल तिथं कापा. आता तीच सुतळी काहिलीवर मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत ताणून मोजा. तीनदा जाते आणि वर थोडी उरते. गुळव्या हसेल, हसू दे. घरी येऊन बांगडीवर हेच करा. तीनदा, आणि वर थोडी.

हे उरणं सगळीकडे सारखंच का? आयत लांबट असतो, आखूड असतो. त्रिकोण उभट किंवा पसरट. गोलाला अशी सवलत नाही. तो फक्त लहानमोठा होतो. बांगडीचं चित्र मोठं करत नेलं की काहिलीचा काठ होतो, कोल्हापूरच्या खासबागेतला कुस्तीचा आखाडाही होतो. व्यास तीसपट वाढला की घेरही तीसपटच. भागाकार हलत नाही. त्या न हलणाऱ्या आकड्याचं नाव पाय (π).

पण तीनच्या वर का? आता अर्ध्या व्यासाएवढी सुतळी कापा आणि काठावर एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत सरळ ताणत फिरा. बरोबर सहा खेपांत पहिल्या खुणेवर येता. कंपासातून ते सहा पाकळ्यांचं फूल काढलं नाही असा पोरगा विरळा, ते याचंच. सहा अर्धे व्यास म्हणजे तीन व्यास. सुतळी सरळ गेली, काठ मात्र दर दोन खुणांमध्ये बाहेर फुगलाय. त्या सहा फुगवट्यांचं देणं म्हणजे वरचं ०.१४ आणि काहीतरी.

खुणा वाढवा, फुगवटे बारीक होत जातात. ग्रीक गणिती आर्किमिडीजनं वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या आकृत्या धरून पायला ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्यामध्ये कोंडलं. आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ घेर सांगितला, म्हणजे ३.१४१६. मला त्याच्या आकड्यापेक्षा त्याचा शब्द आवडतो : ‘आसन्न’, जवळचा. नेमका म्हणाला नाही गडी. पाय कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही हे गणिती लाम्बर्टनं सिद्ध केलं, ते थेट अठराव्या शतकात.

मग शाळेतलं २२/७ खोटंच की! पण ७ फुटी काहिलीला ते २२ फूट घेर सांगतं, आणि खऱ्या घेराहून तीन मिलिमीटरही जास्त नसतं. सुतळीची गाठ याहून जाड असते.