मचाणावरून बाटलीपर्यंत : पाणवठ्यावरच्या मोजणीची पार्श्वभूमी

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून ज्यांनी प्राणी मोजलेत त्यांना ठाऊक आहे, रात्रभर डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, खोकला आला तरी दाबायचा, आणि पहाटे वहीत पाहावं तर बहुतेक रानडुकरंच. उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येणारच, एवढ्या भरवशावर ही प्रगणना चालायची. पर्यावरणीय डीएनए, म्हणजे ई-डीएनए, याचाही भरवसा तोच. फक्त जनावर येऊन गेल्यावर बाटली भरली तरी चालतं. पिताना गळलेली लाळ, केस, मूत यांतल्या पेशी पाण्यात राहतात. पाणी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणीवरचा डीएनए वाचायचा.

त्याआधी आपल्याकडे ठशांचं राज्य होतं. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची रीत बसवली. 1972 च्या देशव्यापी गणनेत 1,827 वाघ निघाले. पुढे 2004-05 मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा ठशांवरचा विश्वास उडाला आणि समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आले. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या उसात मात्र कॅमेऱ्याचंही फारसं चालत नाही. तापलेलं पान हललं तरी फोटो निघतो, आणि बिबट्या दोन सऱ्या पलीकडून निघून जातो.

डीएनएची वाट वेगळ्याच टोकाकडून आली. 2003 मध्ये सायबेरियाच्या गोठलेल्या मातीत, हाड हाती नसताना, मॅमथचा डीएनए सापडला. 2008 मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांतून जेमतेम 15 मिलिलीटर पाण्यात अमेरिकन बुलफ्रॉग या बेडकाचा पत्ता लागला. आजची पद्धत तिथून धरतात. 2012 मध्ये व्हिएतनामच्या जळवांच्या पोटातल्या रक्तातून दुर्मीळ ससा ओळखला गेला. 2022 मध्ये तर कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात नुसत्या हवेतून 49 पृष्ठवंशीय (पाठीचा कणा असलेल्या) प्रजाती मिळाल्या. त्यात खाऊ म्हणून टाकलेले मासेही होते, हे विसरू नये.

नाशिककरांनी लक्षात घ्यावं ते इथेच. ई-डीएनए 'काय आहे' ते सांगतो, 'किती आहेत' ते नाही. उन्हात आणि उष्ण पाण्यात तो लवकर तुटतो, आणि वाहत्या नदीत वरून आलेलाही असतो. गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं खरं, पण तिथल्या बाटलीत अख्ख्या नाशिक शहराची माणसं, म्हशी आणि कुत्री उतरलेली असणार. शिवाय नेहमी वापरतात त्या छोट्या जनुकीय तुकड्यावरून लांडगा आणि गावातलं कुत्रं वेगळं काढता येत नाही. माळरानावर हा फरक फार महत्त्वाचा.

म्हणून माझ्या मते सुरुवात येवल्याकडच्या काळविटांच्या माळासारख्या कोरड्या जागी, साचलेल्या पाणवठ्यावर करावी. तिथेही एक मेख आहे. सिमेंटच्या पाणवठ्यात टँकर रिकामा झाला की ज्या विहिरीवरून तो भरला तिथली जनावरंही नमुन्यात येतात. बाटली टँकर यायच्या आधी भरायची, आणि टँकरच्या पाण्याचीही एक वेगळी भरून ठेवायची.