‘फोन काहून नाही केला?’ : ग्रुपवरच्या एका भांडणामागची पार्श्वभूमी

मागच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे झालं ते काही जणांना अर्धवटच माहिती आहे, म्हणून जरा मागे जाऊन लिहून राहिलो. आम्ही अकरा जण. निम्मे नागपुरात, बाकी पुणे, हैदराबाद, एक जण मस्कतला. ओळख २००७ ची, ऑर्कुट नावाच्या तेव्हाच्या सोशल साइटवरची, त्यातले काही तर एकमेकांना आजवर चार-पाच वेळाच समोरासमोर भेटलेले. तर आमच्यातल्या सर्वात लहान पोट्टीनं रात्री दोन वाजता ग्रुपवर टाकलं, बाबांना अ‍ॅडमिट केलंय, आयसीयूत आहेत. सकाळी सगळ्यांनी पाहिलं, हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली, आणि आमचे दादा (वयानं सगळ्यात मोठे, पंचावन्नचे, म्हणून दादा) जाम भडकले. "अशी गोष्ट मेसेजवर सांगते का कोणी? फोन काहून नाही केला?" तिनं लिहिलं, "दादा, रात्री दोनला फोन वाजला असता तर तुमच्या घरचे सगळे घाबरले असते, म्हणूनच नाही केला."

दोघंही मनापासून बोलून राहिले होते. मी दोन दिवस विचार केला आणि मला एक गोष्ट दिसली, की लांबच्या माणसाशी बोलायला आपण ज्या साधनावर शिकलो ना, त्याची सवय जन्मभर बोटांत आणि कानांत राहते, हातातला फोन कितीही नवा असो. आमच्या ग्रुपवर जेवढी म्हणून कुरकुर होते, उशिरा उत्तर, लांबलचक व्हॉइस नोट, गुड मॉर्निंगचे फोटो, न तपासता ढकललेल्या बातम्या, त्या प्रत्येकीच्या मागे अशी एक जुनी सवय आहे.

दादांचं बालपण नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतलं, घरात माणसं भरपूर आणि फोन नाही. लांबची बातमी यायचे रस्ते दोन, पोस्टकार्ड आणि तार. तारेचे पैसे शब्दावर मोजले जायचे, एवढे पैसे कोणी उगाच घालवत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तारवाला दारात दिसला की कागद उघडायच्या आधीच त्यांची आजी रडायला लागायची, मग कधी कळायचं की काकाला नोकरी लागली किंवा मामा उद्याच्या गाडीनं येऊन राहिलेत. पण तोवर अख्खं घर दारात गोळा झालेलं असायचं. मरणाचं पोस्टकार्ड यायचं ते कोपरा फाडून, घरात ठेवायचं नाही, वाचायचं आणि लगेच फाडून टाकायचं. म्हणजे वाईट बातमीला स्वतःचं एक रूप होतं, लांबूनच ओळखू यायचं. दादांना नेमकं हेच लागलं असं मला वाटतं, कारण बापाच्या आयसीयूची बातमी त्यांना मिळाली ती सूर्यफुलाच्या गुड मॉर्निंगच्या आणि कोणाच्या तरी गाडी विकण्याच्या मेसेजच्या मधोमध, त्याच पांढऱ्या चौकोनात, त्याच अक्षरात.

आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंना नावं ठेवणाऱ्यांसाठी एक सांगतो. तारखात्यानं शुभेच्छांची ठरलेली वाक्यं करून ठेवली होती, दिवाळीची, ईदची, लग्नाची, परीक्षेत पास झाल्याची, प्रत्येक वाक्याला नंबर. तुम्ही इकडे नुसता नंबर लिहायचा, तिकडे पूर्ण वाक्य हातात पडायचं. तयार शुभेच्छा पाठवणं आपण स्टिकरच्या काळात नाही शिकलो, आपल्या आजोबांनीही तेच केलं आणि घेणाऱ्यानं ते कागद पेटीत जपून ठेवले. तारसेवा १४ जुलै २०१३ ला संपली तेव्हा शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावून तारा केल्या, आठवण म्हणून.

मधला काळ ट्रंक कॉलचा, म्हणजे एक्स्चेंजमधून जोडून घ्यायच्या परगावच्या फोनचा. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, जितकी घाई तितके पैसे, आणि बुक करून बसून राहायचं. आपल्या देशात थेट नंबर फिरवून दुसऱ्या गावी बोलायची सोय १९६० मध्ये लखनौ-कानपूरपासून सुरू झाली, पण आमच्यासारख्यांच्या हाती ती आली ती पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमुळे, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या दशकात. मी बोलायला शिकलो तो तिथे. काचेची केबिन, आत पंखा नाही, समोर मीटरवर पैशांचे लाल आकडे पळून राहिलेले. रात्री उशिरा पाव दर लागायचा म्हणून जेवणं झाल्यावरच बूथसमोर रांग लागायची. नागपूरचा कोड ०७१२, पुण्याचा तेव्हा ०२१२, एका आकड्याचा फरक, म्हणून मावसभावाला पुण्यात फोन लावताना आई दर वेळी दोनदा तपासून घ्यायची. तिथे वाक्यं अशीच बोलायची, "बरा आहे, मनीऑर्डर मिळाली, परीक्षा सोळाला, ठेवतो." आजही माझा कॉल दीड मिनिटात संपतो आणि हैदराबादवालीला वाटतं मला तिच्याशी बोलायचंच नाहीये. तसं नाहीये ग. मी लाल आकडे पाहत बोलायला शिकलोय.

फोन नसणं म्हणजे काय असतं हे लहानांना सांगायचं तर मला एकच दिवस आठवतो. २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं, गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, झिरो माइलच्या जवळ चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बाया होत्या, लेकरं होती. माझे बाबा तेव्हा त्याच भागात, सीताबर्डीवर कामाला. संध्याकाळी आमच्या गल्लीत बातमी आली ती सायकलवरून, कोणी म्हणे वीस गेले, कोणी म्हणे दोनशे, कोणी म्हणे गोळीबार झाला. शेजारच्या काकूंनी रेडिओ फाटकाशी आणून ठेवला, सगळी गल्ली तिथे उभी. बाबांना आम्ही विचारणार कुठे? आई फाटकाला हात लावून तशीच उभी, नऊ वाजेपर्यंत, मग ते पायी चालत आले आणि कोणाशीच काही बोलले नाहीत. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज त्या शहीद गोवारींचं नाव आहे, मी त्याच्यावरून जातो तेव्हा मला आधी ते फाटक दिसतं. ज्यानं असं वाट पाहणं पाहिलंय तो नंतर पोहोचल्याचा फोन मागतोच, त्याला ‘पोहोचलो’ एवढे चार अक्षरं पाहिजेच असतात, त्याचा राग नका करू.

मोबाइल आला तो श्रीमंतांचा. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, पण नंतर किती वर्षं तरी आलेल्या कॉलचेही पैसे लागत होते, इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. मग मिस कॉलची भाषा आली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे आता तूच लाव बाबा. तुकडोजी पुतळ्याजवळ उभं राहून आम्ही अख्खी संध्याकाळ एक पैसा न घालवता ठरवली आहे.

आणि एसएमएस, ज्याच्यामुळे आमच्यातले तिघं आजही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि बोलणी खातात. याचं कारण कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावायची १६०, आणि देवनागरीत लिहिलं की फक्त ७०, म्हणजे तेच वाक्य मराठीत लिहिलं तर दोन मेसेजचे पैसे. शिवाय बऱ्याच फोनवर देवनागरी उघडायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. त्यात भाषेवरचं प्रेम कमी-जास्त असण्याचा काही संबंध नव्हता, खिशाचा होता. दिवाळी आणि नववर्षाला मेसेजचे पॅक चालत नसत, प्रत्येक मेसेजचे वेगळे पैसे कापले जायचे, म्हणून पोट्टे आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवून मोकळे. आमचा मनीषनगरवाला अजूनही दिवाळीच्या शुभेच्छा एक दिवस आधी टाकतो, आज पैसे लागत नाहीत तरी. २०११ च्या सप्टेंबरात ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, जाहिरातींच्या त्रासापायी दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली, तेव्हा आमची ही लहानी होस्टेलवर होती आणि दुपारीच तिचे शंभर संपायचे. एका खोलीत चौघी, रात्री कोणाचा फोन वाजला तर बाकीच्या तिघींची झोप जायची, म्हणून सगळं सुखदुःख सायलेंट फोनवर, पांघरुणात, बोटांनी. तिच्यासाठी न वाजणारा मेसेज हीच काळजी आहे, दादांना जसा वाजणारा फोन वाटतो तसाच.

ऑर्कुटचं थोडक्यात, जानेवारी २००४ ते ३० सप्टेंबर २०१४. तिथे एकमेकांच्या स्क्रॅपबुकात लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं, दुसऱ्यांची बोलणी वाचूनच आम्ही ओळखीचे झालो, दोस्त नंतर झालो. धरमपेठेतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून.

व्हॉट्सअ‍ॅपची गंमत वेगळी, तिथे आधीच्या सगळ्या सवयी एका खोलीत कोंबल्या गेल्या. २०१३ मध्ये व्हॉइस मेसेज आले आणि ज्यांना टाइप करायचा कंटाळा होता किंवा हात कणकेत असायचे त्यांची सोय झाली, पुणेवालीच्या सहा-सहा मिनिटांच्या नोटा मी भाजी निवडता निवडता ऐकतो आणि मला त्या आवडतात, त्यात मागे कुकरची शिट्टी असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या आणि ‘वाचलं पण उत्तर नाही’ हे नवं दुःख जन्माला आलं. पत्राच्या काळात वाचलं की नाही हे कळायचंच नाही, टपाल उशिरा आलं असेल असं म्हणून माणूस माणसाला माफ करून टाकायचा. ती सोय गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि ज्यांच्या घरी कधी लँडलाइनही नव्हती ते थेट व्हिडिओवर आले.

आता बातम्यांचं, कारण आमची दुसरी मोठी भांडणं त्यावरच होतात. चालू घडामोडींवर चौकात बोलायची नागपूरची सवय फार जुनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवत निघतात, १८८० च्या दशकापासून, आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे, ज्यांच्यावर त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, पुढाऱ्यांचे पराक्रम सगळं लिहिलेलं असतं, आणि लोक ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत इतवारी-महालातून जातात. टपरीवर एकच पेपर चार हातांत फिरायचा. पण तिथे बातमी सांगणाऱ्याचं तोंड समोर असायचं, तो म्हणाला की शेजारचा लगेच विचारायचा, "तुले कोनं सांगितलं बे?" फॉरवर्डला तोंड नाही, हीच त्यातली खोट आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. मोबाइलवरून तशाच अफवा तेव्हा गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं, आणि एप्रिल २०२० मध्ये, कोरोनात, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. १७ मार्च २०२५ ला महालात दंगल झाली, संचारबंदी लागली, त्या रात्री आम्ही ठरवलं की जो स्वतः खिडकीतून पाहून राहिला त्यानंच लिहायचं. दादा तिथलेच. ते लिहीत होते, बाकी दहा गप्प.

पण फॉरवर्ड वाईट आणि फोन चांगला एवढं सोपं नाही, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. गणपतीचे दिवस, काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं. आमचा अंबाझरीजवळचा दोस्त तीन चाळीसला लिहितो, पाणी कंपाउंडमध्ये. मस्कतवाला जागा होता, त्यानं लगेच पाहिलं, पण धरमपेठेत नाल्याकाठी राहणारा दुसरा दोस्त झोपलेला, आणि झोपलेल्याला मेसेज उठवत नाही. त्याचा मोबाइल सायलेंट. मस्कतवाल्यानं दादांना उठवलं, दादांनी जुनी डायरी काढून त्याच्या आईच्या लँडलाइनवर फोन लावला, तो वाजला, म्हातारी उठली, घरचे वरच्या मजल्यावर गेले, वीस मिनिटांनी खाली गुडघाभर पाणी. मग दिवसभर ग्रुपच कामी आला, कुठला रस्ता बंद, कोणाकडे गॅस आहे, कोणाला दूध पाहिजे. कोणीतरी ‘अंबाझरी फुटला’ असंही ढकललं होतं, तिथल्याच दोस्तानं व्हॉइस नोट टाकली, फुटला नाही रे, वरून वाहून राहिला, मी डोळ्यानं पाहून राहिलो. त्याच्या आवाजामागे पाण्याचा आवाज होता.

लहानीचे बाबा आता वॉर्डात आले आहेत. दादा भांडण लिहायच्या आधीच डबा घेऊन हॉस्पिटलात पोहोचले होते, हे ग्रुपवर कोणाला माहीत नव्हतं, तिनंच नंतर सांगितलं. परवा ग्रुपच्या माहितीत आम्ही एक ओळ घातली, रात्री केव्हाही फोन करा, आणि खाली नंबर. पहिला दादांचा. मग माझा. मस्कतवाल्याचाही आहे, तिकडे आपल्यापेक्षा दीड तास कमी वाजलेले असतात, तो म्हणे मी जागाच असतो. सर्वात शेवटी लहानीनं स्वतःचा नंबर टाकला आणि पुढे लिहिलं, फोन सायलेंटवरून काढला आहे.