वय झालं म्हणून जबडा निकामी होत नाही हो!

साठी ओलांडली की घरात ठरलेलं वाक्य, "आता जबड्यात जोर कुठला, मऊभात खा". आमच्या आजीला पण सगळे भाकरी दुधात कुस्करूनच द्यायला लागले होते.

पण ही गोष्ट अर्धीच खरी आहे. कानाच्या खाली जबड्याच्या कोपऱ्यापाशी बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा, टणक फुगवटा लागतो ना, तो मॅसेटर, चावायचा मेन स्नायू. वयानुसार तो थोडा बारीक होतो हे मान्य, हातापायाचे होतात तसाच, पण ताकद धाडकन पडते ती बहुतेक वेळा दात गेल्यामुळे, आणि दात काय नुसत्या वयाने नाही पडत, कीड आणि हिरड्यांच्या आजाराने पडतात, तंबाखूने तर अजून लवकर. पूर्ण कवळी लावली की जोर स्वतःच्या दातांच्या साधारण पाव भागावर येतो, कारण कवळी हाडात रुतलेली नसते, नुसती हिरडीवर टेकलेली. मग माणूस मऊच खातो, स्नायूला काम नाही, तो अजून बारीक, आणि आपण म्हणतो बघा वय झालं!

जपानमध्ये १९८९ पासून '८०२०' मोहीम आहे, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. तेवढे असले की जवळपास सगळं चावता येतं.

गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टर, भाकरीचा हट्ट नको.

आजीची कवळी फक्त सैल होती. नवीन बसवली, आता काकडी कराकरा खाते, शेंगदाणे तेवढे कूट करून, कवळीखाली कण अडकतात म्हणून.