मूलद्रव्यांची कुळे

आवर्त सारणीच्या, म्हणजे सर्व मूलद्रव्यांच्या क्रमवार तक्त्याच्या, एकाच उभ्या स्तंभात बसणाऱ्या आणि रासायनिक वागणुकीत एकमेकांशी जुळणाऱ्या मूलद्रव्यांच्या समूहाला कुळ म्हणतात. आधुनिक सारणीत असे १८ स्तंभ, म्हणजेच गण आहेत. पहिल्या गणातील अल्कली धातू, सतराव्यातील हॅलोजन आणि अठराव्यातील राजवायू (सहसा कशाशीही संयोग न पावणारे वायू) ही त्यांतली सर्वांत ठळक कुळे. लँथॅनाइड व ॲक्टिनाइड या आडव्या मालिका, पण त्यांच्यातले साम्य इतके दाट की त्यांनाही कुळे मानतात.

साम्याचे मूळ अणूच्या बाह्यतम कवचात, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सर्वांत बाहेरच्या थरात, आहे. अल्कली धातूंच्या या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज निसटतो. म्हणून पाण्यात टाकताच हे धातू हायड्रोजन मुक्त करतात. स्वभाव तोच, जोर मात्र वेगळा. लिथियम संथपणे फसफसते, सोडियम वितळून गोळीसारखे पाण्यावर धावते, पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटते, सीझियमचा तर स्फोटच होतो. गणात खाली जावे तसा अणू मोठा होतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची केंद्रकाची पकड ढिली पडते. हॅलोजनांना इलेक्ट्रॉन मिळवायचा असल्याने तिथे क्रम उलटा: सर्वांत वरचे फ्लोरीन सर्वांत क्रियाशील. हायड्रोजनला पहिल्या गणात जागा असली, तरी तो अल्कली धातू नव्हे.

कुळाची कल्पना किती भक्कम आहे, हे राजवायूंमुळे कळले. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हच्या १८६९ च्या सारणीत त्यांतला एकही नव्हता. हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ रेली यांच्या ध्यानात आले. त्या किंचित फरकाचा माग काढताना १८९४ मध्ये रेली व रॅम्झी यांना अरगॉन सापडला. १८९८ पर्यंत हीलियम, निऑन, क्रिप्टॉन व झेनॉनही हाती आले. सारणी मोडावी लागली नाही, तिला एक अख्खा स्तंभ जोडला गेला.

पेच उरला तो अरगॉनचा. त्याचे अणुवस्तुमान ३९.९५, पोटॅशियमचे ३९.१०. वजनाने ओळ लावली, तर हा वायू धातूंच्या कुळात आणि पोटॅशियम वायूंच्या कुळात जाऊन पडते. रसायनशास्त्रज्ञांनी वजनापेक्षा वागणुकीला मान दिला, आणि ते बरोबर ठरले: १९१३ मध्ये मोझली यांच्या क्ष-किरण प्रयोगांतून अणुअंक, म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या, हाच क्रमाचा खरा आधार असल्याचे स्पष्ट झाले. अरगॉन १८, पोटॅशियम १९.

राजवायूंच्या कुळाला पूर्वी निष्क्रिय वायू म्हणत. १९६२ मध्ये बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग बनवले, तेव्हापासून राजवायू हेच नाव अधिक चपखल ठरते.