बाळाचं नाक वाजतंय की छाती भरलीय?

पाऊस लागला की आमच्या गुहागरकडे घराघरात हे ऐकू येतं, "अगो, छाती भरलेय बाळाची." बाळ श्वास घेताना घर्र घर्र वाजत असतं, पाठीवर हात ठेवला तर तळव्याला खरखर लागते, मग कुणालाही वाटणारच ना की कफ छातीत उतरला. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना आषाढात असंच झालं. सासूबाईंनी हात लावून बघितलं, शेजारच्या काकूंनी बघितलं, मी बघितलं आणि रडायलाच लागले. भर पावसात चिपळूणला नेलं तर डॉक्टरांनी आधी दोन्ही नाकपुड्यांत सलाईनचे थेंब टाकले, मिनिटभर थांबले, नाक साफ केलं आणि मला म्हणाले, आता ठेवा पाठीवर हात. खरखर गेलेली! म्हणजे छाती भरलीच नव्हती, नाक चोंदलं होतं.

याचं कारण साधं आहे. पहिले काही महिने बाळ बहुतेक श्वास नाकानेच घेतं, तोंडाने घ्यायची सवयच नसते. त्यात नाकाची वाट इतकी अरुंद की जरासा शेंबूड अडकला तरी मोठ्ठा आवाज येतो, आणि छाती-पाठ पातळ असल्यामुळे तो आवाज खालपर्यंत पोचतो. विहिरीवर पंप चालू असला की स्वयंपाकघरातल्या पाइपाला हात लावूनही थरथर कळते ना, तसंच. पंप तिथे नसतो, फक्त थरथर तिथपर्यंत येते. म्हणून हाताला लागणारी खरखर हा पुरावा धरू नका.

आता दुसरी बाजू. छाती खरंच भरते तेव्हा कधी कधी आवाज फार नसतोच, आणि यातच माणूस फसतो. माझ्या नणंदेचा मुलगा पाच महिन्यांचा होता, सर्दीचा चौथा दिवस, नाक आधीपेक्षा मोकळं वाटत होतं, घरघर कमी, सगळ्यांना वाटलं उतार पडला. पण दूध ओढायला घेतलं की दोन घोटांत सोडून देत होता आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. झबलं वर करून बघितलं तर प्रत्येक श्वासाला खालच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. हॉस्पिटलमध्ये तीन दिवस ऑक्सिजनवर होता. फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिका सुजल्या होत्या, त्याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या व्हायरसने होतो, दोन वर्षांच्या आतल्या बाळांना, त्यातही पहिल्या काही महिन्यांत जास्त. सुरुवात अगदी साध्या सर्दीसारखीच होते आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जड जातं. म्हणून पहिल्या दिवशी "नाकच आहे" असं ठरलं तरी तेवढ्यावर गाफील राहू नका, रोज दोनतीनदा झबलं वर करून बघा.

बघायचं काय, तर श्वास मोजायचा. बाळ शांत असताना, झोपलं असेल तर उत्तमच, छाती-पोट उघडं करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळं काही सेकंद थांबून मग भरभर श्वास घेतात, ते नॉर्मल असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगात आहे. रडताना किंवा दूध पिऊन लगेच मोजला तर आकडा उगाच वाढतो, आणि नाक चोंदलं असेल तर साफ करून थोड्या वेळाने परत मोजा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना अशीच श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि त्यातून बालमृत्यू कमी झाले. म्हणजे हे काम डॉक्टरच करू शकतात असं नाही, आपल्यालाही जमतं.

नाकच चोंदलं असेल तर घरी करण्यासारखं खूप आहे. सलाईनचे दोन-तीन थेंब प्रत्येक नाकपुडीत, मिनिटभर थांबून रबरी बल्बने हळूच ओढायचं, दूध पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, म्हणजे नाक मोकळं असताना पिता येतं. दिवसातून तीन-चार वेळा बस झालं, जास्त ओढलं तर नाक आतून सुजतं. केमिस्टकडे मागताना "साधं सलाईन" असंच म्हणा आणि लेबल वाचा, कारण नाक उघडायचे औषधी थेंब तसल्याच बाटलीत येतात आणि ते बाळासाठी नाहीत. दूध थोडं थोडं पण वरचेवर पाजा. बाळ कुरकुरत असेल तर खांद्यावर उभं धरून फेऱ्या मारा, उभं धरलं की नाकाला बराच आराम पडतो. मी तर रात्र रात्र पडवीत फिरलेय. पण झोपवताना उताणं आणि सपाटच, डोक्याखाली उशी नको. आपल्याकडे पावसात हवा आधीच इतकी दमट की ह्युमिडिफायर घ्यायची काही गरज नाही असं माझं मत आहे, त्यापेक्षा बाळाच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका, भिंतीला बुरशी धरते.

आता जे बोलायला जड जातं ते. न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या हाताला माया असते, माझ्या मुलीला तिनेच वाढवलंय म्हटलं तरी चालेल. पण नाकात खोबरेल नको, ते श्वासातून फुप्फुसात जाऊ शकतं आणि तिथे सूज आणतं. आंघोळीनंतरची ओवा-वावडिंगाची धुरी आणि चुलीचा धूर, दोन्हीने सुजलेली वाट आणखी सुजते. कापराची पुडी किंवा छातीला चोळायचा बाम दोन वर्षांच्या आत नको, कापूर लहान बाळाला विषारी ठरू शकतो. वाफेच्या पातेल्याने भाजतं. मध वर्षाच्या आत चाटवायचा नाही, एका बोटावरचाही नाही. आजीला मी एवढंच म्हटलं, आजी, तेल अंगाला भरपूर लावा, नाकाला नको, आणि तिने ऐकलं.

सर्दी-खोकल्याचं सिरप तर दोन वर्षांखाली नकोच. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही हेच सांगितलं. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते, अँटिबायोटिकचा तिला काही उपयोग नाही.

छातीचं प्रकरण असेल तर मात्र घरगुती काही करत बसायचं नाही. बरगड्या आत जातायत, श्वास वर दिलेल्या आकड्याच्या पुढे आहे, नाकपुड्या फुलतायत, कण्हतंय, नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी दूध जातंय किंवा लंगोट बराच वेळ कोरडाच आहे, तर लगेच डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तर सर्दी साधी वाटली तरी लगेच दाखवा, मनाने तापाचं औषध देऊ नका. ओठ-जीभ निळसर पडली, श्वास नेहमीच्या काही सेकंदांपेक्षा जास्त थांबला किंवा बाळ उठवूनही नीट उठत नाही, तर थेट १०८. गाडी यायला वेळ लागणार असेल आणि दारात रिक्षा असेल तर रिक्षाने निघा आणि बाळाला मांडीवर उभं धरा. निघण्याआधी बाळाच्या उघड्या छातीचा अर्धा मिनिट व्हिडिओ काढून ठेवा, फक्त १०८ ला बोलवण्यासारखं काही दिसत असेल तर त्यासाठीही थांबू नका. व्हिडिओ अशासाठी की दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ बरेचदा शांत झोपलेलं असतं आणि रात्री आपण काय बघितलं ते नीट सांगता येत नाही.