पिंबक्याचं अनेकवचन

व्याकरणाचा तास सुरू झाला की साताऱ्यातली मुलं खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत बसतात, यात त्यांचा फारसा दोष नाही. जे त्यांना येतं, तेच येत नाही असं धरून आपण शिकवतो.

एक प्राणी मनाने तयार करा. फळ्यावर काढा, नाव ठेवा 'पिंबका'. आता पहिलीच्या मुलांना विचारा: हा एक पिंबका, आणखी एक आला, तर दोन काय? पिंबके. आणि ही शेपटी कुणाची? पिंबक्याची. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नसतो, त्यामुळे उत्तर पाठ असणं शक्यच नाही. म्हणजे नियम डोक्यात आधीपासून आहे. 'ची' लागताना 'पिंबका'चं 'पिंबक्या' होतं, त्याला 'सामान्यरूप' म्हणतात, हे कळायला मात्र अजून काही इयत्ता जायच्या असतात. अमेरिकेत भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 साली असाच प्रयोग केला. त्यांचा प्राणी होता 'वग', आणि 4 ते 7 वर्षांच्या बहुतेक मुलांनी त्याचं अनेकवचन बरोबर 'वग्ज' असं केलं.

मग तासाला करायचं काय? डोक्यातला नियम मुलांनाच शोधू द्यायचा. व्याकरणातला 'प्रयोग' हा धडा, म्हणजे क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं ते, त्यासाठी उत्तम (नावातच प्रयोग आहे, पण करतं कोण!). सांगलीच्या हळदीच्या बाजारातलं वाक्य घ्या: 'हमालाने पोतं उचललं.' एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हमाल अनेक केले: 'हमालांनी पोतं उचललं.' क्रियापद हललं नाही. पोती अनेक केली: 'हमालाने पोती उचलली.' हललं! म्हणजे क्रियापद इथे कर्माचं ऐकतं. 'हमाल पोतं उचलतो' या वाक्यावर हीच खटपट केली, की ते कर्त्याचं ऐकताना सापडतं. भाषाशास्त्रज्ञही असेच एकेक घटक बदलून बघतात.

आपल्याकडच्या मुलांजवळ याहून मजेदार माल आहे. गेलता, गेलती, गेलतं, गेलते. वहीत हे दिसलं की लाल पेन चालतं. पण 'गेला होता' आखडून 'गेलता' झालं, तरी लिंग आणि वचन शाबूत राहिलं. 'आलता', 'बसलता' त्याच साच्यातले. ही बोली नियमाने चालते, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं की 'निबंधात मात्र गेला होता लिहा' हे सांगणं अपमानाचं वाटत नाही. माझ्या मते शाळेत सर्वांत जास्त वाया जाणारी गोष्ट ही बोलीच.

लेखनाचं गणित थोडं वेगळं. ग्रॅहम आणि पेरिन या अमेरिकेतल्या संशोधकांनी 2007 साली चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले लेखनाचे बरेच प्रयोग एकत्र तपासले. सुटी वाक्यं जोडण्याच्या सरावाने लेखन सुधारलेलं दिसलं. नुसतं व्याकरण वेगळं शिकवल्याने सुधारलेलं दिसलं नाही. अभ्यास इंग्रजी लेखनाचे होते, तरी युक्ती मराठीत छान चालते. 'बाजारात हळद आली. ती पोत्यांत होती. हमालांनी ती उतरवली. त्यांचे कपडे पिवळे झाले.' याचं एक वाक्य करा. कुणी लिहील, 'बाजारात आलेली हळदीची पोती उतरवताना हमालांचे कपडे पिवळे झाले.' कुणी कपड्यांपासून सुरुवात करील. कुणाचं वाक्य कानाला बरं लागतं, यावर वर्गात भांडण होऊ द्यावं. 'आलेली', 'उतरवताना' ही धातुसाधितं, म्हणजे धातूंपासून बनलेले शब्द, मुलांनी तोवर वापरून टाकलेली असतात. त्यांचं नाव फळ्यावर सर्वांत शेवटी लिहावं. परीक्षेला ते लागतंच.